तळ्याकाठी पाणपक्षी मरू लागले तर : बेळगाव सीमाभागातील वस्त्यांसाठी बर्ड फ्लूविषयी सविस्तर मार्गदर्शन

दिवाळी उलटली की बेळगाव जिल्ह्यातील पाणवठ्यांवर पाहुण्या पक्ष्यांची ये-जा सुरू होते. धुपदाळच्या बंधाऱ्यामागे पसरलेले घटप्रभा पक्षी अभयारण्य आणि हिडकलचा जलाशय ही त्यांची मोठी ठिकाणे असली, तरी शहरातील किल्ला तलाव, कणबर्गीचा तलाव आणि खेड्यापाड्यांतील गावतळी यांनाही ते वर्ज्य नसते. तलवार बदके, थापटे, चक्रवाक असे हिवाळी पाहुणे इथल्या बारमाही वारकरी, टिबुकल्या, हळदी-कुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या आणि बगळ्यांमध्ये मिसळून जातात. हे पाणवठे वस्तीला अगदी लागून आहेत. ज्या घाटावर धुणे धुतले जाते आणि म्हशी पाण्यात बसतात, त्याच घाटालगत पक्षी चरतात आणि तिथेच दोन-चार घरच्या गावठी कोंबड्याही फिरतात. अशा ठिकाणी एका सकाळी पाच-सहा पक्षी मरून पडलेले दिसले, तर पहिल्या काही तासांत कोणी काय करायचे हे बहुतेक वस्त्यांत ठरलेले नसते. मग कोणी मेलेले पक्षी उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकतो, कोणी तडफडणारे बदक दयेपोटी घरी नेतो, तर कोणी तळ्यात ब्लिचिंग पावडरचे पोते रिकामे करतो. हेतू चांगला असूनही या तिन्ही गोष्टींनी नुकसानच होते. त्यामुळे पुढील मार्गदर्शनाचा मुख्य भर पहिल्या चोवीस तासांवर आहे.

आधी आजाराविषयी थोडक्यात

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएंझा 'ए' गटातील विषाणूंमुळे पक्ष्यांना होणारा आजार आहे. त्यातील एच५एन१ आणि एच५एन८ हे प्रकार आपल्या देशात पुन्हा पुन्हा आढळले आहेत. देशातील पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये नोंदला गेला. २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग धरणाच्या जलाशयावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले आणि त्यांत पट्टकादंब हंसांची संख्या सर्वाधिक होती. हेच हंस हिवाळ्यात आपल्या शेजारच्या गदग जिल्ह्यातील मागडी तलावावरही उतरतात. त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या दगावल्या. २०२५ च्या सुरुवातीस लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मेले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर व बळ्ळारी जिल्ह्यांत कोंबड्यांमध्ये संसर्ग सापडला. म्हणजे हा आजार आपल्या आजूबाजूला येऊन गेलेला आहे आणि तो दूरचा आहे असे मानून चालणार नाही.

पाणपक्ष्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. बदके आणि हंस हे या विषाणूंचे नैसर्गिक वाहक आहेत. त्यांतील काही जाती स्वतः फारशा आजारी न पडता विष्ठेतून आणि लाळेतून विषाणू टाकत राहतात, आणि थंड पाण्यात तो अनेक दिवस, कधी कधी आठवडे टिकतो. म्हणून तळ्यावर निरोगी दिसणारे पक्षी पोहत असले, तरी पाणी आणि काठचा चिखल निर्धोक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

माणसाला हा संसर्ग क्वचितच होतो. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी, त्यांच्या विष्ठेशी किंवा कच्च्या मांसाशी जवळून संबंध आल्यावर तो होतो, आणि माणसाकडून माणसाकडे सहज पसरल्याचे आजवर दिसलेले नाही. मात्र २००३ पासून जगभरात नोंदलेल्या एच५एन१ च्या मानवी रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. आपल्या देशात २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या एका मुलीचा या आजाराने मृत्यू झाला. धोका विरळ असला तरी जडला तर गंभीर ठरतो, म्हणून लहान मुलांना तळ्यापासून दूर ठेवण्याला या सगळ्यात पहिले स्थान द्यावे.

पहिली पायरी : काय पाहिले ते नीट पाहणे

एखादा बगळा विजेच्या तारेला लागून मरतो, एखादी टिबुकली जाळ्यात अडकून मरते, आणि कडक थंडीत किंवा उन्हात म्हातारे पक्षी गळून पडतात. प्रत्येक मृत पक्षी बर्ड फ्लूचा नसतो. पण पुढील चित्र दिसले तर संशय धरलाच पाहिजे: एकाच पाणवठ्यावर दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ पाणपक्षी मरत आहेत, जिवंत पक्ष्यांची मान वाकडी झाली आहे, डोके थरथरते आहे, एखादे बदक पाण्यात एकाच जागी गोल गोल फिरते आहे, माणूस जवळ गेला तरी पक्षी उडत नाही, डोळ्यांवर पांढरट झाक आली आहे, किंवा मेलेल्या पाणपक्ष्यांवर ताव मारणाऱ्या घारी आणि कावळेही मरू लागले आहेत. माझ्या मते मज्जासंस्थेची ही लक्षणे दाखवणारे एकच बदक दिसले, तरी कळवण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहू नये.

याच चित्राशी मिळतीजुळती दोन कारणे आपल्याकडे नेहमी संभवतात आणि ती माहीत असलेली बरी. उन्हाळ्यात पाणी आटून कोमट व दुर्गंधीयुक्त झाले की बोट्युलिझम नावाची विषबाधा होते. तिच्यात पक्ष्याच्या पायांतली आणि पंखांतली शक्ती जाते आणि मान लुळी पडून पाण्यात बुडते. दुसरे कारण कीटकनाशकाचे. वडगाव-शहापूरच्या शिवारासारख्या भात पट्ट्यात फवारणी किंवा विषारी आमिषानंतर एकाच दिवशी, एकाच वाफ्याजवळ, वेगवेगळ्या जातींचे दाणे टिपणारे पक्षी पडलेले दिसतात. घरच्या कोंबड्यांत मान पिळवटण्याचे लक्षण मानमोडी (राणीखेत) या रोगातही दिसते. परंतु यांतले नेमके कोणते कारण आहे, हे डोळ्यांनी पाहून पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आपण हे फरक टिपून ठेवायचे ते पथकाला माहिती देण्यासाठी. 'हे औषधानेच मेलेत' असे आपापसांत ठरवून गप्प बसण्यासाठी त्यांचा उपयोग होता कामा नये.

निरीक्षण दुरून करावे. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो व छोटा व्हिडिओ घ्यावा. गोल फिरणाऱ्या बदकाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो. तारीख, वेळ, तळ्याची कोणती बाजू, कोणत्या जातीचे किती मृत, किती आजारी आणि अंदाजे किती निरोगी, एवढे वहीत लिहावे. जात ओळखता आली नाही तर 'पांढऱ्या कपाळाचा काळा पक्षी' असे वर्णनही पुरते.

दुसरी पायरी : माणसे आणि जनावरे दूर ठेवणे

बेळगावच्या गल्ल्यांत पंच मंडळी असतात, युवक मंडळे असतात आणि खेड्यांत महिला मंडळेही असतात. बाहेरून पथक येईपर्यंतचे काम हीच मंडळी करू शकतात. मृत पक्षी असलेल्या भागाभोवती, शक्य तितक्या दुरून, दोरी किंवा काठ्या लावून जागा अडवावी आणि येण्या-जाण्याच्या वाटेवर दोघे जण आळीपाळीने उभे राहावेत. गर्दी जमू देऊ नये, कारण बघ्यांच्या चपलांना लागलेला काठावरचा चिखलच विषाणू घरोघरी पोहोचवतो. त्या घाटावरचे धुणे, पोहणे, मासेमारी आणि जनावरांना पाणी पाजणे निकाल येईपर्यंत थांबवावे. ज्यांनी तळ्यातील मासेमारीचा ठेका घेतला आहे त्यांना हे जड जाईल, म्हणून त्यांना सर्वांत आधी विश्वासात घ्यावे. माशांना हा आजार होत नसला, तरी ओली जाळी आणि होड्या एका तळ्यावरून दुसऱ्यावर गेल्या तर विषाणूही सोबत जातो. अमेरिकेत २०२४ पासून दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला आहे हे लक्षात घेता, गाई-म्हशींना अशा पाण्यापासून दूर ठेवण्याची काळजी अनाठायी ठरत नाही.

कुत्री आणि मांजरे यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. मांजर वर्गातील प्राण्यांना हा विषाणू फार घातक ठरतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांना एच५एन१ झाल्याचे पुढे सिद्ध झाले. पाळीव मांजर घरात ठेवावे आणि कुत्रे साखळीने बांधावे. भटकी कुत्री मृत पक्ष्याकडे येत असतील तर दुरून हाकलावीत. तेवढ्याने भागत नसेल तर एक साधा उपाय आहे: लांब बांबूच्या टोकाला जुनी बुट्टी किंवा क्रेट अडकवून पक्ष्यावर पालथी घालावी आणि तिच्यावर बांबूनेच जड दगड सरकवावा. पक्ष्याला हात लागत नाही, कुत्र्याला तो ओढून नेता येत नाही, आणि पथकाला नमुना जागेवर मिळतो. ती बुट्टी पुन्हा वापरायची नाही आणि तिचे काय करायचे ते पथकालाच विचारायचे.

राहिला प्रश्न जिवंत, तडफडणाऱ्या पक्ष्याचा. त्याला पाणी पाजावे, घरी नेऊन ऊब द्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या भावनेचा मला आदर आहे. पण या आजारात घरगुती उपचारांनी पक्षी वाचत नाही, आणि त्याला उचलणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या श्वासातले व विष्ठेतले कण उडतात. शिवाय रानपक्षी परवानगीशिवाय पकडणे किंवा जवळ ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्याच्याभोवती शांतता राखणे आणि वन खात्याला तातडीने बोलावणे, हीच त्या पक्ष्याची खरी सेवा आहे.

तिसरी पायरी : एकाच वेळी तीन ठिकाणी कळवणे

रानपक्षी वन खात्याच्या अखत्यारीत येतात. आजाराची तपासणी आणि कोंबड्यांचा प्रश्न पशुसंगोपन खात्याकडे असतो. तळे व स्वच्छता शहरात महानगरपालिकेकडे, कॅन्टोन्मेंट हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि गावात ग्राम पंचायतीकडे असते. एकाला कळवले की तो दुसऱ्याला सांगेल या भरवशावर राहिल्यास पक्षी तिथेच कुजतात आणि नमुना वाया जातो. म्हणून तिन्ही ठिकाणी त्याच तासात कळवावे: पशुसंगोपन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, वन खात्याच्या १९२६ या सहायवाणी क्रमांकावर किंवा आपल्या रेंजच्या कार्यालयात, आणि गावातील पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) किंवा वॉर्डच्या नगरसेवकांना. कोणाला श्वासाचा त्रास किंवा ताप असेल तर आशा कार्यकर्तीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रालाही त्याच दिवशी सांगावे.

फोन केल्यानंतर लेखी संदेशही पाठवावा. त्याचा नमुना असा ठेवता येईल:

"विषय : गावतळ्यावर पाणपक्ष्यांचे असामान्य मृत्यू. आज सकाळी सात वाजता तळ्याच्या पूर्व घाटाजवळ चार हळदी-कुंकू बदके व दोन वारकरी पक्षी मृत आढळले. एक बदक मान वाकडी करून पाण्यात गोल फिरत आहे. काल सायंकाळी येथे मृत पक्षी नव्हते. कोणीही पक्ष्यांना हात लावलेला नाही. जागा दोरीने अडवली आहे. तळ्यालगत अंदाजे दहा घरांत गावठी कोंबड्या आहेत, त्यांत आजपर्यंत मरतूक नाही. फोटो, व्हिडिओ व लोकेशन सोबत जोडले आहे. गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि संपर्काचा मोबाइल क्रमांक पुढीलप्रमाणे."

हाच मजकूर कन्नडमध्येही लिहून ठेवावा. कार्यालयीन कामकाज कन्नडमध्ये चालते, आणि तातडीच्या वेळी अर्ज भाषांतरासाठी अडकून पडणे कोणालाच परवडणारे नाही. गल्लीतील कॉलेजात जाणारी मुले हे काम दहा मिनिटांत करतात. खात्याच्या सूचना येतील त्यांत या आजाराचा उल्लेख 'हक्की ज्वर' असा असेल. वृद्धांना आणि कन्नड न वाचणाऱ्यांना त्या सूचना त्याच दिवशी मराठीतून वाचून दाखवण्याची जबाबदारी कोणा एकाकडे द्यावी.

सीमाभागात आणखी एक अडचण असते. निपाणीकडून कागल आणि बेळगावच्या पश्चिमेकडून चंदगड तालुका इतका जवळ आहे की पक्षी तर सोडाच, कोंबड्या, अंडी, खाद्याच्या गाड्या आणि पाहुणेही रोज हद्द ओलांडतात. कोंबड्यांमध्ये संसर्ग सिद्ध झाला तर केंद्र सरकारच्या कृती आराखड्याप्रमाणे एक किलोमीटरचा परिसर बाधित आणि त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणीचा मानला जातो, आणि हे वर्तुळ राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. दोन्ही राज्यांची खाती एकमेकांना कळवतीलच, पण हद्दीलगतच्या गावांनी पलीकडच्या ग्रामपंचायतीला आणि तेथील पशुवैद्यकीय दवाखान्याला स्वतःहून फोन करावा असे मी आग्रहाने सांगेन. हद्दीजवळ मोबाइल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो, त्यामुळे सहायवाणीला फोन लागताच गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य ही चारही नावे सांगावीत.

चौथी पायरी : पथक येईपर्यंत आणि आल्यावर

पशुवैद्यकीय पथक संरक्षक पोशाख घालून ताज्या मृत पक्ष्यांच्या घशातून व विष्ठामार्गातून काडीने नमुने घेते, किंवा पूर्ण पक्षी तिहेरी वेष्टनात बंद करून बर्फात ठेवून नेते. अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. कुजलेल्या पक्ष्यातून निदान कठीण होते, म्हणूनच आधी कळवण्यावर एवढा भर दिला आहे. पथकाने विचारण्यापूर्वीच आपली वही, फोटो आणि गेल्या आठवड्यात कोणाच्या कोंबड्या मेल्या याची माहिती त्यांच्या हाती द्यावी. ती लपवण्याने कोणाचे भले होत नाही.

मृत पक्षी पुरण्याचे काम पथकाच्या किंवा पंचायतीच्या देखरेखीखालीच व्हावे. खड्डा विहीर, बोअरवेल आणि तळ्याच्या पूररेषेपासून दूर, साधारण दोन मीटर खोल असावा, पक्ष्यांवर चुन्याचा थर द्यावा आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी माती वर दाबून घालावी. नदीत किंवा नाल्यात पक्षी सोडून देणे सर्वांत वाईट, कारण मार्कंडेय किंवा घटप्रभेच्या पात्रातून तो आजार पुढच्या गावच्या घाटावर जातो.

कधी कधी एखादा कावळा किंवा बगळा घराच्या गच्चीवर किंवा अंगणात मरून पडतो आणि खात्याकडून फोनवर सांगितले जाते की तो तुम्हीच काळजीपूर्वक पिशवीत बंद करून ठेवा. तसे स्पष्ट सांगितले असेल तरच पुढील पद्धत वापरावी. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, चष्मा, एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घालावेत. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे पिसांतली धूळ तोंडावर येत नाही. एक जाड प्लास्टिक पिशवी उलटी करून हातमोज्यावर घालावी, त्या हाताने पक्ष्याला न दाबता धरावे, आणि दुसऱ्या हाताने पिशवीची कड पक्ष्यावरून ओढून ती सुलटी करावी, म्हणजे पक्षी आपोआप आत जातो. पिशवीतली हवा तोंडाकडे दाबून काढू नये. गाठ मारून ती दुसऱ्या पिशवीत ठेवावी आणि तीही बंद करावी. त्यानंतर आधी हातमोजे बाहेरची बाजू आत वळवत काढावेत, साबणाने हात धुवावेत, मग चष्मा, मग मास्क दोरीला धरून काढावा, आणि पुन्हा हात धुवावेत. मास्क शेवटी काढण्याचा हा क्रम पाळला नाही, तर हातमोज्यांवरचे सारे तोंडावर येते. कपडे गरम पाण्यात डिटर्जंटने धुवावेत आणि अंघोळ करावी.

जागा स्वच्छ करताना आधी विष्ठा आणि चिखल ओला करून खरडून काढावा, कोरडा झाडू मारू नये. घाणीवर ओतलेली ब्लिचिंग पावडर घाणीतच खर्ची पडते. नंतर ताज्या ब्लिचिंग पावडरीचे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून फरशी किंवा अवजारांवर ओतावे आणि दहा-पंधरा मिनिटे ओले राहू द्यावे. ते फिनाइल किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो. साबण, डिटर्जंट आणि कडक ऊन यांनीही हा विषाणू निष्प्रभ होतो. तळ्याच्या पाण्यात मात्र ब्लिचिंग पावडर टाकू नये. एवढ्या पाण्यात तिचा विषाणूवर परिणाम होत नाही आणि मासे व पाण्यातील इतर जीव मात्र मरतात.

पाचवी पायरी : घरच्या कोंबड्या

गावठी कोंबड्या सोडून वाढवण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण या काळात ती थांबवावी लागते. संशय येताच कोंबड्या खुराड्यात किंवा जाळी लावलेल्या शेडमध्ये बंद कराव्यात आणि वरून ताडपत्री घालावी, म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा आत पडणार नाही. तळ्याचे पाणी त्यांना पाजू नये, दाणा झाकून ठेवावा, आणि खुराड्यासाठी वेगळ्या चपला दाराशीच ठेवाव्यात. बदके पाळणाऱ्यांनी ती कोंबड्यांपासून वेगळी करावीत. आठवडी बाजारातून नवे पक्षी आणू नयेत आणि आपले पक्षीही विकायला नेऊ नयेत. कोंबड्या सुस्त झाल्या, तुरा-कल्ले निळसर झाले, पायांवर लालसर डाग आले, अंडी अचानक बंद झाली किंवा रात्रीत तीन-चार दगावल्या, तर लगेच दवाखान्यात कळवावे.

इथे पैशांचा प्रश्न येतो आणि तो उघडपणे बोललाच पाहिजे. खात्याने मोजून नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी केंद्र व राज्य मिळून भरपाई देतात, पण आधीच मेलेल्या किंवा लपवलेल्या पक्ष्यांना ती मिळत नाही. म्हणून संशय आल्याच दिवशी आपल्या कोंबड्यांची संख्या, पिल्ले व मोठी अशी वेगवेगळी, वहीत लिहावी आणि फोटो काढून ठेवावा. आजारी कोंबडी कापून खाण्याची किंवा स्वस्तात विकण्याची घाई सर्वांत घातक, कारण संसर्गाचा मोठा धोका कापण्यात, पिसे उपटण्यात आणि आतडी काढण्यात असतो. आंध्रातील त्या मुलीने कोंबडी साफ करताना कच्च्या मांसाचा तुकडा तोंडात घातल्याचे सांगितले गेले होते.

सहावी पायरी : माणसांची तब्येत

ज्यांनी मृत किंवा आजारी पक्षी हाताळले, त्यांची यादी करावी. शेवटच्या संपर्कानंतर दहा दिवस त्यांनी रोज ताप पाहावा. ताप, खोकला, घसा दुखणे, डोळे लाल होणे किंवा धाप लागणे यांतले काहीही जाणवल्यास मास्क लावून घरात वेगळे राहावे, आणि आरोग्य केंद्राला किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाला आधी फोन करून 'मृत पाणपक्ष्याशी संपर्क आला होता' हे स्पष्ट सांगावे. हे वाक्य सांगितले नाही तर डॉक्टर साध्या सर्दीचे औषध देतील, त्यात त्यांचा दोष नाही. ओसेल्टामिवीर हे विषाणूरोधक औषध लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांत दिल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. मात्र ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय, 'खबरदारी म्हणून' दुकानातून आणून घेऊ नये.

पिण्याच्या पाण्याविषयी घबराट होते. क्लोरीन घालून शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात हा विषाणू टिकत नाही. विहिरीचे किंवा तळ्याजवळच्या बोअरचे पाणी उकळून प्यावे. दूधही नेहमीप्रमाणे उकळावे.

सातवी पायरी : बातमी कशी द्यावी

व्हॉट्सॲपवर एखादा जुना, भलत्याच राज्यातला व्हिडिओ 'आपल्या तळ्यावरचा' म्हणून फिरायला लागला की दोन दिवसांत चिकन सेंटर ओस पडतात, आणि नवापूरच्या वेळेपासून प्रत्येक उद्रेकात कोंबडीपालकांनी हे सोसले आहे. म्हणून वस्तीतून एकच व्यक्ती माहिती देईल असे ठरवावे आणि तिने फक्त तीनच गोष्टी सांगाव्यात: काय दिसले, कोणाला कळवले, लोकांनी काय टाळायचे. निकाल येईपर्यंत 'संशयित' हा शब्द सोडू नये. चिकन आणि अंडी आतपर्यंत सत्तर अंश सेल्सिअसला शिजली की विषाणू मरतो, म्हणजे नीट उकडलेले अंडे आणि रटरटून शिजलेला रस्सा खायला हरकत नाही. अर्धे कच्चे अंडे टाळावे, आणि कच्च्या मांसाची विळी व पाट वेगळे ठेवून धुवावेत. खेड्यात दवंडी आणि देवळाचा लाउडस्पीकर ही साधने अजूनही मोबाइलपेक्षा जास्त घरांत पोहोचतात, तेव्हा ती वापरावीत.

भीती वाढली की राग पक्ष्यांवर निघतो. झाडावरची बगळ्यांची घरटी पाडणे, फटाके लावून पक्षी हुसकावणे किंवा तळे रिकामे करणे असे प्रस्ताव पंचांच्या बैठकीत येतात आणि ते तिथेच थांबवले पाहिजेत. हुसकावलेले आजारी पक्षी शेजारच्या तळ्यावर, नाहीतर थेट कुणाच्या पोल्ट्रीवर जाऊन बसतात. राष्ट्रीय कृती आराखड्यातही रानपक्ष्यांना मारण्याचा उपाय सांगितलेला नाही. या पक्ष्यांनी आजार मुद्दाम आणलेला नाही, आणि पोंगसारख्या उद्रेकांत सर्वाधिक जीव त्यांनीच गमावले आहेत.

निकाल आल्यावर

निकाल नकारात्मक आला तरी मरण्याचे कारण शोधायचे राहिलेले असते. विषबाधेचा संशय असेल तर पाण्याचे व पोटातील अन्नाचे नमुने तपासण्याची मागणी लेखी करावी, कारण तेच पाणी म्हशी पितात. निकाल सकारात्मक आला तर जिल्हाधिकारी आणि पशुसंगोपन खाते जे निर्बंध घालतील ते वस्तीने पाळावेत, सर्वेक्षणासाठी घरोघरी येणाऱ्या कर्मचाऱ्यांना कोंबड्यांची खरी संख्या सांगावी, आणि निर्बंध लेखी उठवले जाईपर्यंत कोंबड्या बंदच ठेवाव्यात.

तळ्यावरची मोजणी मात्र त्यानंतरही थांबवू नये. रोज ठरलेल्या एकाच वेळी, एकाच जागेवरून, दुरून मृत, आजारी व निरोगी पक्षी मोजून वहीत लिहावेत, आणि मार्चअखेर पाहुणे परतेपर्यंत हे चालू ठेवावे. ज्या वस्त्यांत अजून काहीच घडलेले नाही त्यांनीही ऑक्टोबरमध्येच ही वही सुरू करावी, म्हणजे किती मृत्यू नेहमीचे आणि किती असामान्य हे सांगायला आधार राहतो. तिच्या पहिल्या पानावर १९६२ आणि १९२६ हे क्रमांक, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा, पीडीओंचा, वन रेंज कार्यालयाचा आणि हद्दीपलीकडच्या ग्रामपंचायतीचा फोन लिहून ठेवावा. सोबत एका डब्यात हातमोज्यांच्या चार जोड्या, काही एन-९५ मास्क, जाड पिशव्या, दोरी आणि साबण ठेवावा, आणि तो डबा कोणाच्या घरी आहे हे गल्लीतल्या निदान तिघांना माहीत असावे.